मोबाइलने नापास केलेली मुलगी

हरसूलच्या पुढे डोंगरात एका पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे मी शिकवते. शाळा चौथीपर्यंत. शिक्षक दोन, मुख्याध्यापक सर आणि मी. माझं घर नाशिकला, पण आठवडाभर मी हरसूलला खोली घेऊन राहते आणि सकाळी स्कूटर काढून पाडा गाठते. हे आधीच सांगून ठेवते, कारण शाळा आणि मोबाइल या विषयावर हल्ली ज्याला त्याला बोलायचं असतं. मलाही बोलायचंय. फक्त माझं बोलणं सभागृहातलं नाही, वर्गातलं आहे.

त्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. पहिलीत आली तेव्हा ती कितीतरी महिने तोंडच उघडत नव्हती. मुकी नव्हती. मधल्या सुट्टीत हातपंपाजवळ तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. वर्गात पाय ठेवला की गप्प. तिच्या घरात बोलतात ती भाषा वेगळी. पुस्तकात ‘आहे’, तिच्या घरी ‘आहा’. पुस्तकात ‘डोळा’ आणि ‘पाणी’, तिच्या घरी ‘डोला’ आणि ‘पानी’. पुस्तकातलं एक वाक्य बोलायचं तर तिला चार ठिकाणी अडखळावं लागायचं, त्यापेक्षा गप्प बसणं तिला सोपं वाटत असणार.

एकदा मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि ती खिडकीतून बाहेर बघत एकदम ओरडली, “बाई, शेली भातात घुसली!”

सगळा वर्ग शेळी हाकलायला धावला. परत आल्यावर मी फळा पुसला आणि तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. शेली भातात घुसली. ‘शेळी’ केलं नाही. तिला म्हटलं, “हे तू बोललीस. वाच.” ती बराच वेळ बघत राहिली. मग एकेका शब्दावर बोट ठेवल्यासारखं हवेत बोट फिरवत तिने ते वाचलं. मग परत वाचलं. त्या दिवशी घरी जाईपर्यंत ती तेच वाक्य वाचत होती.

मग आमचं तसंच सुरू झालं. मुलं बोलायची, मी लिहायचे, ती वाचायची. पाड्यावरच्या एका म्हातारीकडून वाघाची गोष्ट मी माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड करून आणली. मुलांनी ती ऐकत, थांबवत, परत ऐकत लिहून काढली आणि भिंतीवर लावली. मोबाइलशी माझं वैर नाही, हे इथेच लक्षात यावं. त्या गोष्टीतून मुलं पुस्तकाकडे कधी वळली ते त्यांनाही कळलं नाही. तिसरीत ती मुलगी दिसेल ते वाचायची. खताची गोणी, औषधाचं पाकीट, जीपच्या मागे रंगवलेलं काहीबाही. अडलं तर विचारायची, समजलं नाही तर भांडायची.

चौथीत पावसाळा सरत असताना नवीन ॲप आलं.

आधी तालुक्याला प्रशिक्षण झालं. लॅपटॉप घेऊन आलेला एक चुणचुणीत तरुण आम्हाला समजावत होता. मुलाने मोबाइलसमोर उतारा वाचायचा. मोबाइल ऐकणार आणि तिथल्या तिथे सांगणार, मूल कुठल्या स्तरावर आहे : अक्षर, शब्द, वाक्य की उतारा. रंगही ठरलेले. लाल, पिवळा, हिरवा. निकाल आपोआप वर जाणार आणि पालकांच्या मोबाइलवरही आपोआप मेसेज पडणार. “म्हणजे आता शिक्षकाच्या अंदाजावर अवलंबून राहायला नको,” तो हसून म्हणाला. हॉलमध्ये सगळे शिक्षक बसले होते. तेही हसले.

मला तो ‘अंदाज’ शब्द टोचला होता. चार वर्षं रोज ज्या मुलाचं वाचन मी कानाने ऐकते, त्याच्याबद्दल मी जे सांगते तो अंदाज. आणि ज्याने त्याला कधी पाहिलं नाही तो सांगतो ते मोजमाप.

पण चाचणी घ्यायचीच होती. वर्गात फोन लागतो, पण इंटरनेट येत नाही. मैदानाच्या कडेला उंबराखाली दगडावर उभं राहिलं तर येतं. तिथे रांग लावली. मुलं नटूनथटून आल्यासारखी खुशीत होती, कारण मोबाइल आपलं ऐकणार होता. उतारा तळ्याचा होता. तळ्याचं पाणी निळं होतं, बाळाने डोळे मिटले, असा काहीतरी. तिची पाळी आली. तिने वाचलं, “तल्याचं पानी निलं होतं. बालाने डोले मिटले.” कुठे अडखळली नाही. शेवटच्या ओळीला तर तिला हसू आलं, कारण उताऱ्यात गंमत होती आणि ती तिला कळली होती.

मोबाइलवर गोल फिरत राहिलं. मग पडदा लाल झाला. त्यावर तोंड वाकडं केलेला एक रडका चेहरा, आणि खाली, अक्षर स्तर.

म्हणजे या मुलीला सुटी अक्षरं तेवढी ओळखता येतात. शब्दही नाही.

“परत घेऊ,” मी म्हटलं. परत लाल.

“काय म्हनला तो?” तिने विचारलं.

“काही नाही. बिघडलाय तो.”

पण तो रडका चेहरा तिने पाहिला होता. तिच्यामागून जवळजवळ सगळा वर्ग लाल झाला. हिरवा आला तो एकच, सिन्नरकडून बदलून आलेल्या वनरक्षकाचा मुलगा. तो बिचारा चुकल्यासारखा उभा. म्हणाला, “बाई, मला अडलं की तीच सांगते ना. मग तिला लाल कसं?”

मी मोबाइल बंद केला. खालच्या वर्गांची चाचणी घेतलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने वाचणं बंद केलं. पुस्तक उघडून बसायची, ओठ हलायचे नाहीत. मी जवळ जाऊन म्हटलं, “वाच ना.” तर म्हणाली, “मना नाय येत.” मी म्हटलं, “कोण म्हणतं?” तिने मैदानाकडे, उंबराकडे बघितलं. पहिलीतलं ते गप्प बसणं परत आलं होतं. चार वर्षांचं काम एका रडक्या चेहऱ्याने उलटं फिरवलं, आणि हे करताना कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मला राग येतो तो याचाच. वाईट हेतू असता तर भांडायला माणूस तरी सापडला असता.

दिवाळीनंतर भात निघाला की आमच्या पाड्यावरची अर्धी घरं दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला जातात. या मुलीचे आईवडील दरवर्षी जायचे, तिला मात्र आत्याकडे ठेवून जायचे. वडील स्वतः शाळेत गेले नव्हते आणि मुलीची शाळा बुडू नये असा त्यांचा हट्ट होता. त्या वर्षी निघायच्या दोन दिवस आधी ते शाळेत आले. दारातच उभे राहिले.

“बाई, पोरीला यंदा नेतो संगं. धाकट्याला सांभालील.”

“का? आत्याकडे राहते ना ती?”

“राहून काय करायचं?” त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “मेसेज आला. जीपमधल्या पोराकडून वाचून घेतला. चार वर्स झाली, अजून अक्सरच शिकती म्हनं. तिचा दोस नाय. आमचं डोकंच नाय ते.”

मी त्यांना सांगत राहिले की ती वाचते, उत्तम वाचते. ते मान हलवत राहिले. पटलं म्हणून नाही, बाईंचा मान ठेवायचा म्हणून. जाताना म्हणाले, “सरकारचा मोबाइल कशाला खोटं बोलंल, बाई?”

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अंगणात नागली वाळत घातली होती. आई गाठोडं बांधत होती. मुलगी भावाला कडेवर घेऊन उभी. मला बघून तिने तोंड फिरवलं. मी दप्तरातून पुस्तक काढलं, तिने हात पुढे केला नाही. वाघाची गोष्ट काढली, तीही नको. वडील ओट्यावर बसून सगळं बघत होते. हिने आत्ता वाचलं नाही तर परवा ही जीपमध्ये बसणार, आणि एकदा बागेवर गेलेली मुलगी पुढच्या वर्षी शाळेत परत येतेच असं नाही.

मग मी वडिलांना म्हटलं, “तो मेसेज दाखवा.”

त्यांनी मोबाइल दिला. मी तो मुलीच्या हातात ठेवला. “हे तुझ्याबद्दल लिहिलंय. मी सांगणार नाही काय लिहिलंय ते.”

स्वतःबद्दल लिहिलंय म्हटल्यावर तिला राहवेना. भावाला खाली ठेवलं, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला लागली. आधी पुटपुटत, मग मोठ्याने. “आपल्या पाल्याचे वाचन कौशल्य अक्षर स्तरावर आहे. कृपया घरी सराव करून घ्यावा.” ‘कौशल्य’वर थांबली, तोडून परत म्हटलं, आणि पुढे गेली. संपल्यावर तिने विचारलं, “बाई, पाल्य म्हंजी मीच ना?”

आईने गाठोड्याची गाठ तशीच हातात धरली होती. वडील उठून जवळ आले.

“हे सगलं यात लिवलंय?”

“हां.”

“तू वाचलंस?”

“मंग कोन वाचंल?” ती चिडून म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा तो हातपंपावरचा आवाज मी ऐकला.

वडील आधी हसले. मांडीवर थाप मारून हसले, बायकोला म्हणाले, “ऐकलं का, हिला वाचता येत नाय, हे हीच वाचून दावती.” मग हसू गेलं. माझ्याकडे वळून म्हणाले, “मंग खोटं कोन बोलतं, बाई?”

“मोबाइल.”

“मोबाइल कोनाचा?”

“सरकारचा.”

“मंग सरकारला सांगा ना जाऊन. मना काय सांगता?”

मुलगी आत्याकडे राहिली. आणि मी सरकारला सांगायला गेले.

सरकार म्हणजे माझ्या आवाक्यातलं सरकार. दर महिन्याला हरसूलला आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची बैठक होते. त्या वेळी तालुक्याहून एक अधिकारी आले होते. भिंतीवर प्रत्येक शाळेचा रंग दाखवला जात होता. आमची शाळा लाल, आणि त्यापुढे अर्धा रकाना रिकामा, कारण चौथीखालच्या वर्गांची चाचणी मी घेतलीच नव्हती.

“या शाळेचं काम अपूर्ण का?” साहेबांनी विचारलं.

मी उभी राहिले. “अपूर्ण नाही साहेब. मी थांबवलंय. पुढे घेणार नाही.”

सगळे वळून बघायला लागले. शेजारी बसलेल्या आमच्या मुख्याध्यापक सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“घेणार नाही म्हणजे?”

“हे ॲप आमच्या मुलांना वाचता येतं की नाही ते तपासत नाही. ती पुस्तकासारखं बोलतात का ते तपासतं. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी मुलगी त्याच्या लेखी निरक्षर.”

“मग शुद्ध बोलायला शिकवा ना. तेच तुमचं काम आहे.”

“शिकवतेच आहे. हळूहळू शिकतातही. पण त्यासाठी आधी ती शाळेत राहिली पाहिजेत. तुमच्या मेसेजने एक मुलगी द्राक्षाच्या बागेवर चालली होती.”

“बाई, भावनेच्या भरात बोलू नका. ॲपला लाखो मुलांचे आवाज ऐकवून तयार केलंय. ते चुकत नाही.”

“त्यात आमच्या डोंगरातले आवाज होते का?”

ते वरून आलेल्या आदेशाचा क्रमांक वाचायला लागले. मी उभीच होते. बसावं असं वाटत होतं, पण बसले असते तर विषय संपला असता. मी म्हटलं, “साहेब, धोरणाच्या कागदावर लिहिलंय की लहान मुलांनी घरच्या भाषेतून शिकावं. प्रशिक्षणात तुम्हीच आम्हाला ते वाचून दाखवलंत. मग त्याच घरच्या भाषेला हा मोबाइल लाल रंग का देतो? धोरण खरं की मोबाइल?”

तेवढ्यात आमचे सर उठले. निवृत्तीला आलेला माणूस. कधी कुणाला उलट बोलले नाहीत. सर सटाण्याकडचे, बागलाणातले, घरी अहिराणी बोलतात, तीस वर्षं शिकवण्यात गेली. म्हणाले, “साहेब, परवानगी असेल तर माझी चाचणी घ्या.”

“तुमची?”

“हो. आमच्या घरी बोलतात तसा वाचतो. माझ्या आईने वाचला असता तसा.”

कुणीतरी मोबाइल पुढे केला. सरांनी चष्मा लावला आणि चौथीचा तो तळ्याचा उतारा खणखणीत आवाजात, बागलाणी हेल काढून वाचला. पडद्यावर गोल फिरलं आणि पिवळा रंग आला. शब्द स्तर.

सर पडद्याकडे वाकून बघत म्हणाले, “हाई काय शे!” आणि मग जो हशा उठला, तो साहेबांना आवरता आवरेना. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “सर, घरी सराव करून घ्या!”

साहेब हसले नाहीत. तांत्रिक अडचण आहे, कळवली जाईल, असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. थोड्याच दिवसांत मला कारणे दाखवा नोटीस आली. सरांना नाही आली, त्याचं त्यांना वाईट वाटलं. “मॅडम, मला म्हातारा समजून सोडलं,” असं म्हणाले.

नाशिकला घरी नोटीस वाचून नवरा म्हणाला, “माफी लिहून मोकळी हो. सगळे लिहितात.” मी खरंच बसले होते लिहायला. पण कागदावर ‘चूक’ हा शब्द यायला तयार नव्हता. शेवटी मी एका पानात लिहिलं की मी चाचणी घेतली नाही, कारण तिचा निकाल खोटा आहे आणि खोटी माहिती शासनाला पाठवणं हे माझ्या नोकरीत बसत नाही. माझ्या वर्गात या आणि मुलांचं वाचन स्वतःच्या कानाने ऐका. तसं झाल्यावर जी शिक्षा द्याल ती घेईन.

थंडीत एके दिवशी साहेब खरंच आले. न सांगता, गाडी खाली ठेवून, चढ चढून. सोबत त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. मुलांनी आधी न वाचलेलं काहीतरी हवं म्हणून आणलं असणार, आणि हे मला आवडलं. त्यांनी त्या मुलीलाच उठवलं. ती वाचायला लागली, अवकाळी पावसाने कांद्याचं नुकसान झाल्याची चांदवडकडची बातमी होती. ‘ण’चा ‘न’ होत होता, ‘ळ’चा ‘ल’ होत होता, आणि बातमी सगळ्यांना कळत होती.

“काय झालं सांग बघू,” साहेब म्हणाले.

“कांदा सडला. आता ते लोक काय करतील?” तिने उलट विचारलं.

साहेब थोडा वेळ वर्गात बसले, भिंतीवरची वाघाची गोष्ट वाचली. बाहेर आल्यावर म्हणाले, “वाचतात हो मुलं. चांगली वाचतात. पण मी वर काय सांगू? वर रंग मागतात.”

“खरं ते सांगा.”

“इतकं सोपं असतं का, बाई?”

“अवघड आहे साहेब. म्हणून तर आम्ही सांगितलं.”

ते रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त थकल्यासारखे दिसले. त्यांच्याही वर कुणीतरी भिंतीवर रंग लावून बसलेलं असणार, हे मला तेव्हा दिसलं. दया आली, पण माघार घ्यावी असं वाटलं नाही. सगळ्यांनी एकमेकांची अशी अडचण समजून घेतली की शेवटी ओझं चौथीतल्या मुलीच्या डोक्यावर जातं.

नोटीस त्यांनी मागे घेतली नाही, पुढेही नेली नाही. ती माझ्या सेवापुस्तकात पडून आहे. ॲप चुकलं असं कुणी कधी लिहून दिलं नाही. पण पालकांना जाणारे मेसेज बंद झाले, आधी आमच्या तालुक्यात, मग पेठकडच्या शाळांतही बंद झाल्याचं तिथल्या एका शिक्षिकेने फोन करून सांगितलं. तिनेही चाचण्या थांबवल्या होत्या. पुढच्या वर्षी ते ॲप गेलं आणि दुसरं आलं. जुन्याचं काय झालं, त्यातल्या लाल रंगांचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

ती मुलगी आता आश्रमशाळेत आहे. बाजाराच्या दिवशी हरसूलला मैत्रिणींबरोबर भेटली होती. उंच झालीय. तिच्या नव्या सरांनी तिला ‘पाणी’ नीट म्हणायला लावलं, आणि तिने ते शिकून घेतलं. “वर्गात पाणी, घरी पानी,” असं हसत म्हणाली, आणि लगेच तक्रार सुरू केली की ग्रंथालयाला कुलूप असतं, चावी मागितली तर उद्या ये म्हणतात. मी म्हटलं, “मग?” ती म्हणाली, “मंग मी रोज जाते मागायला.”

माझ्यावर कुणी तंत्रज्ञानाचा द्वेष करते असा शिक्का मारला तर मला चालतं. मला मोबाइल हवा आहे, पाड्यावर नेटवर्क हवं आहे, वीज न जाणारी हवी आहे, मुलांना डोंगरापलीकडचं जग दाखवणारा पडदाही हवा आहे. शाळेला मिळालेला मोठा टीव्ही मी पाऊस गळतो त्या भिंतीवरून काढून स्वतः कोरड्या भिंतीवर लावून घेतलाय. मला फक्त एवढं नकोय, की मुलाकडे बघायच्या वेळात मी मोबाइलकडे बघावं आणि त्याने मला मुलाबद्दल सांगावं.

या वर्षी हजेरीचं नवीन ॲप आलंय. प्रत्येक मुलाचा चेहरा ठरलेल्या वेळेत टिपायचा, आणि ती वेळ नेमकी आमच्या वाचनाच्या तासात येते. पहिल्या आठवड्यात मी रोज उंबराखाली रांग लावली. मग एक दिवस मोबाइल कपाटात ठेवला, दार लावलं आणि वर्गात जाऊन बसले. चेहरे मधल्या सुट्टीत टिपते. उशीर म्हणून आमची शाळा परत लाल दिसते म्हणे.

परवा वाचनाच्या मध्येच कपाटात फोन वाजायला लागला. बराच वेळ वाजला. वाचणारा मुलगा थांबला, सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिल्या बाकावरची एकजण म्हणाली, “बाई, साहेबांचा असंल.”

“असेल,” मी म्हटलं. “तू वाच पुढे.”